चहा सोडला, पाणी सुटलं

रविवारी जेवताना बायको म्हणाली, अहो, दिवसाला सहा कप होतात तुमचे, आणि मी पेठेतला माणूस, माघार कसली घेतोय, म्हटलं त्यात काय, उद्यापासून बंद. ती काही बोलली नाही, नुसती हसली. ते हसणं मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

सोमवार झकास गेला. अमृततुल्यासमोरून मान वळवून पुढे गेलो तर मालक दुकानाबाहेर येऊन बघत राहिला, बहुतेक त्याला वाटलं घरात कोणीतरी गेलं.

मंगळवारी उठलो तर कपाळात ढोल-ताशा पथक. गणपतीला अजून दोन महिने, आणि यांनी नदीकाठ सोडून प्रॅक्टिसला माझं डोकं धरलेलं, ठोकाही बरोब्बर नाडीच्या तालावर. आई म्हणाली पित्त, शेजारच्या काकू सुंठ उगाळून घेऊन आल्या, ऑफिसातला एक म्हणाला चष्म्याचा नंबर वाढलाय. शंका ठेवून सल्ला द्यायची पद्धत आपल्याकडे नाहीच.

संध्याकाळी भाची आली, ती मेडिकलला आहे. तिने एकच विचारलं, "मामा, शेवटचा चहा कधी?" आणि मग सुरूच झाली. म्हणे मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम 2 टक्के, पण 20 टक्के ऑक्सिजन एकटा खातो, साठा काही ठेवत नाही, त्यामुळे जिथे काम वाढेल तिथे रक्त मागवायला रसायनं सोडतो, हे रॉय आणि शेरिंग्टन या शास्त्रज्ञांनी 1890 मध्येच लिहून ठेवलंय. त्यातलं एक ॲडेनोसिन. ते रक्तवाहिनीच्या भिंतीवर ठरलेल्या जागी जाऊन बसलं की वाहिनी सैलावते आणि रक्त वाढतं. चहातलं कॅफीन दिसायला थोडंफार तसंच, ते आधी जाऊन ती जागा अडवतं, काम मात्र शून्य.

"म्हणजे पीएमटीत खिडकीतून रुमाल टाकल्यासारखं."

"अगदी! पण तुम्ही वर्षानुवर्षं रुमाल टाकताय ना, म्हणून मेंदूने सीटाच वाढवल्या. आता रुमाल बंद, सीटा ढीगभर, ॲडेनोसिन ऐसपैस बसलंय."

थोडक्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढवलाय आणि माझ्या कपाळातला भिडे पूल पाण्याखाली. बरं, मेंदूला स्वतःला दुखत नाही म्हणे, दुखतं ते त्याच्या आवरणातल्या आणि रक्तवाहिन्यांवरच्या नसांना. म्हणजे जो एवढं सगळं मागवतो तो निवांत, आणि बोंब बाकीच्यांची, आमच्या सोसायटीच्या चेअरमनसारखं.

किती दिवस चालणार, तर दोन ते नऊ. नऊ! म्हणजे अख्खं नवरात्र, तेही बिनचहाचं.

शेवटी रात्री कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून डोकेदुखीची गोळी आणली आणि काय सांगू, अर्ध्या तासात पथक पांगलं. मी खुशीत बायकोला म्हणालो, बघ, चहावाचून अडत नाही. भाचीने पाकीट उचललं, उलटं केलं आणि मोठ्यांदा वाचलं, "पॅरासिटामॉल अमुक इतकं, कॅफीन 50 मिलिग्रॅम."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "म्हणजे कपभर चहाच की. आलं घालू?"