खोलीत तुमच्याशिवाय कोणी नसावे

नोकरीच्या ऑनलाइन परीक्षेची पहिली अट: 'खोलीत तुमच्याशिवाय कोणी नसावे.' अट लिहिणाऱ्याने लातूरचे घर पाहिलेले नसणार. आमच्याकडे माणूस दार लावून एकटा बसला की अर्ध्या तासात तीन जण 'बरा आहेस ना?' विचारून जातात.

आधी लॅपटॉप उचलून चारही भिंती कॅमेऱ्याला दाखवायच्या, मग टेबलाखालची जागा. ज्वारीची पोती, वाळत घातलेले कपडे, सगळे आले. तलाठ्याचा पंचनामा परवडला. खिडकी पाठीमागे असेल तर चेहरा काळा पडतो आणि 'चेहरा दिसत नाही' म्हणून इशारा येतो, म्हणून तोंड खिडकीकडे हवे. भिंतीवरच्या फोटोंचे तर विचारूच नका. चेहरा ओळखणारी यंत्रणा फोटोतला माणूसही मोजते. चौथी शिकलेल्या आमच्या आजोबांवर, हार घातलेल्या अवस्थेत, कॉपी पुरवल्याचा संशय! म्हणून परीक्षेपुरते त्यांना भिंतीकडे तोंड करून ठेवतो.

वर बघून विचार करायची सोय नाही. नजर पडद्यावरून हटली की नोंद, ओठ हलले की नोंद. अँटिव्हायरसची खिडकी मध्येच उगवली तरी 'टॅब बदलला' म्हणून आपल्याच खात्यावर जमा होते. ते आणि 'अपडेट' आदल्या रात्रीच बंद करावे.

लाईट जाणे गृहीतच. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते, आणि राउटर नेमका इन्व्हर्टर नसलेल्या बोर्डावर असतो. तो इन्व्हर्टरच्या लाईनवर आणला तरी इन्व्हर्टर 'यूपीएस मोड'वर हवा, नाहीतर लाईट गेल्याच्या क्षणी राउटर पुन्हा सुरू होत बसतो. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे राउटरचा छोटा यूपीएस. घेण्याआधी अडॅप्टरवरचे व्होल्ट बघून घ्या, बहुतेकदा 12 असतात. मोबाईलचा हॉटस्पॉट धरला तर काही फोनांत कॉल आला की नेट थांबते, आणि मामांना फोन करायला दुसरी वेळ सापडत नाही. या सगळ्यात घड्याळ चालूच. ते सर्व्हरवर असते, त्याला आमच्या फीडरशी काय देणेघेणे?

मग गणिते. एक नळ 12 तासांत टाकी भरतो, दुसरा 15 तासांत, तिसरा 20 तासांत रिकामी करतो. टाकी कधी भरेल? उत्तर 10 तास. आमचे उत्तर: नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार ते आधी सांगा. पुढचा प्रश्न आगगाडीचा. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, पहिल्या गाडीला 10 टाक्या, प्रत्येकीत साधारण 50 हजार लिटर. नळ-टाकी आणि आगगाडी हे दोन्ही धडे एकाच फलाटावर सोडवलेल्या गावाला हे पर्याय देतात: अ, ब, क, ड!

खरी मेख कोडिंगमध्ये. दिलेल्या दोन उदाहरणांवर आपला प्रोग्राम झकास चालतो, लपवलेल्या चाचण्यांवर आपटतो. कारण बहुधा दोनांपैकी एक. पहिले, लूपमध्ये लूप, म्हणजे प्रत्येक आकड्यासाठी पुन्हा सगळी यादी फिरणे. आकडे 1 लाख असतील तर फेऱ्या होतात 1000 कोटी. सेकंदाला साधारण 10 कोटी धरल्या तरी शंभर सेकंद लागतात, आणि मुभा असते एक-दोन सेकंदांची. यादी आधी क्रमाने लावून दोन्ही टोकांकडून आत सरकले की बऱ्याचदा सुटते.

दुसरे, 'इंट', म्हणजे जावासारख्या भाषेत पूर्ण संख्या ठेवायचा ठरावीक मापाचा डबा. 1 ते 1 लाख यांची बेरीज 500 कोटी 50 हजार. इंटमध्ये मावतात 214 कोटी आणि वर काही. मग उत्तर येते 70,50,82,704. जवळजवळ 430 कोटी गायब, आणि ना एरर, ना पंचनामा. तिथे 'लाँग' हा मोठा डबा लिहायचा. एका शब्दाचा फरक, पण पडद्यावर एवढेच दिसते: 'चाचणी क्रमांक 7 नापास.' सातवीत काय होते ते कोणी सांगत नाही. बरे, हे सगळे मेकॅनिकलवाल्यालाही. वाळूजच्या कारखान्यात लेथवर उभे राहायचे असले तरी आधी यादी उलटी करून दाखवा!

शेवटी 'परीक्षेचा अनुभव कसा वाटला? पाचपैकी तारे द्या.' हे पान मात्र एका झटक्यात उघडते आणि त्याला वेळेचे बंधन नसते. मी तारे मोजत असतो, तेवढ्यात मागून आजीचा आवाज येतो:

"ह्यांला भिंतीकडं तोंड करून कुणी उभं केलं रं?"