सोळाची रेघ आणि एकोणीसची पोरं

10 डिसेंबर 2025 पासून इथं ऑस्ट्रेलियात 16 वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर अकाउंट ठेवता येत नाही, आणि तेव्हापासून घरच्यांच्या ग्रुपवर एकच पालुपद, आपल्याकडे का नाही असा कायदा? मग कुणीतरी म्हणतो पोरं व्हीपीएन (आपण कुठल्या देशात आहोत ते लपवणारं ॲप) लावतील, कुणी म्हणतं आईबापांनी आधी स्वतःचा मोबाईल खाली ठेवावा (हे मात्र खरंय), की झालं सुरू.

मला इथलं एक पटतं, दंड मुलाला नाही, पालकालाही नाही, थेट कंपनीला, 4 कोटी 95 लाख डॉलरपर्यंत. आपल्या 2023 च्या डेटा कायद्यात 18 खालच्यांसाठी पालकांची संमती ठेवलीये, म्हणजे भार परत आईबापांवरच, ज्यातल्या बऱ्याच जणांना साधं ॲप अपडेट करायलाही पोरालाच हाक मारावी लागते.

पण वय धरून भांडताना आपण सगळ्यांचा मेंदू एकाच साच्यातला धरतो. 2020 मध्ये आलेल्या एका डच अभ्यासात 63 किशोरवयीन मुलांना आठवडाभर, दिवसातून सहा वेळा, सोशल मीडिया वापरला का आणि कसं वाटतंय, असं विचारत होते. नुसतं स्क्रोल करून 46 टक्क्यांना बरं वाटलं, 44 टक्क्यांना काहीच फरक नाही, 10 टक्क्यांना वाईट. मुलं थोडीच, मान्य, पण सरासरी काढली की ते दहा टक्केच गायब होतात ना! त्याआधी 2013 मध्ये बर्लिनमध्ये दिसलं होतं की कौतुक झाल्यावर ज्यांच्या मेंदूतलं बक्षिसाचं केंद्र जास्त जोरात प्रतिसाद देतं, ती माणसं फेसबुकवर जास्त पडीक असतात. आता त्यात कारण कुठलं आणि परिणाम कुठला, ते त्यातून ठरत नाही.

आणि 2022 चा ब्रिटिश डेटावरचा अभ्यास बघा, सोशल मीडिया जास्त वापरला की वर्षभरानं समाधान घटलेलं दिसतं, ते मुलींमध्ये 11 ते 13, मुलग्यांमध्ये 14-15 ला आणि मग परत दोघांमध्येही 19 च्या आसपास. संशोधकांचा अंदाज असा की 19 ला घर सुटतं, ओळखीची माणसं सुटतात, त्याचा संबंध असावा.

आता 19 ला घर सोडून इथं कोण येतं? आपलीच पोरं. रात्री एकटी खोलीत बसून मागे राहिलेल्या मित्रांचे फोटो बघत असतात. ती ना इथल्या कायद्यात बसतात ना तिथल्या वादात, आणि मी पाहिलेल्या ओरिएंटेशनमध्ये व्हिसाचे नियम, कामाचे तास सगळं सांगतात, याबद्दल चकार शब्द नाही. ग्रुपवर बारा वर्षांच्या भाच्याची काळजी करणाऱ्यांनी इकडं आलेल्या पोरीलाही फोनवर जेवलीस का च्या पुढचं काहीतरी विचारावं.