शेडमधली आग, आणि तुम्ही विचारलेला प्रश्न

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहिलं नाही, कारण पहिल्यांदा वाचताना राग आला होता. आज तिसऱ्यांदा वाचली आणि मग लिहायला बसलो.

ज्यांनी मागचा लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मे २०२४ मध्ये माझी १९८४ची प्रीमियर पद्मिनी कोल्हापुरात, घरामागच्या शेडमध्ये जळाली. सहा वर्षं खपून मी ती माझ्या मनासारखी उभी केली होती. आता गडहिंग्लजजवळ दुसरी मिळाली आहे आणि पुन्हा सुरुवात करतोय, असं मी लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं असं: "चाळीस वर्षांच्या भंगारावर सव्वाचार लाख घातलेत, घरगुती वायरिंगने ते पेटवलंत, शेजाऱ्यांचा जीव धोक्यात घातलात आणि आता तेच पुन्हा करणार म्हणून कौतुक मागताय. बेजबाबदार आहात. पुन्हा का? पंधरा वर्षांपुढची गाडी मोडीत काढायची असा कायदा आहे. लेखात रंगावर तीन परिच्छेद आहेत, शेजाऱ्यांवर एक ओळ."

शेवटचं वाक्य खरं आहे. मी लेख पुन्हा उघडून मोजलं. तीन परिच्छेद आणि एक ओळ. म्हणून आधी तेवढंच लिहितो, बाकीचं नंतर.

त्या दिवशी गाडी दोन आठवड्यांनी सुरू केली होती. इंजिन गरम होऊ दे म्हणून चालू ठेवलं आणि हात धुवायला घरात गेलो. चार मिनिटं गेली असतील. शेजारच्या काकूंची हाक ऐकू आली. बाहेर आलो तर बॉनेटच्या फटीतून काळा धूर निघत होता आणि इंजिन बंद पडलेलं होतं. मी धावत जाऊन बॉनेट पूर्ण उघडलं. तोवर आत धुमसत होतं, हवा मिळाल्यावर भडका उडाला. उजव्या मनगटाची कातडी तेव्हाच गेली. बॉनेट खटका ओढून बोटभरच उचलायचं आणि त्या फटीतून पावडर मारायची, हे मला माहीत असायला हवं होतं. पण पावडर मारायची कशाने? अग्निशामक डिकीत होता, डिकीला कुलूप होतं आणि किल्ली डॅशबोर्डवर लटकत होती.

मग गल्लीतली माणसं बादल्या घेऊन आली. त्यांच्या मायेबद्दल मी काय लिहू. पण जळत्या पेट्रोलवर पाणी टाकलं की पेट्रोल पाण्यावर तरंगत पुढे सरकतं आणि आगही त्याच्याबरोबर जाते. ते पेटलेलं पाणी उतारावरून काकूंच्या भिंतीकडे गेलं. तिथे त्यांची मोपेड उभी होती. तिचं पुढचं सगळं प्लास्टिक वितळलं. त्या भिंतीच्या पलीकडे त्यांचं स्वयंपाकघर आहे आणि गॅसची टाकी त्याच भिंतीला लागून असते. अग्निशमन दलाची गाडी वीसेक मिनिटांत आली आणि त्यांनी फेस मारून आग विझवली. माझ्या मनगटाशिवाय कुणाला इजा झाली नाही. मोपेड मी भरून दिली. पण त्या वीस मिनिटांत काकू नातवाला कडेवर घेऊन रस्त्याच्या पलीकडे उभ्या होत्या, अनवाणी, मे महिन्यातल्या डांबरावर. हे मी मागच्या लेखात लिहिलं नाही. गाडीबद्दल लिहिणं सोपं होतं, म्हणून गाडीबद्दल लिहिलं.

आता "घरगुती वायरिंग". तुमचा अंदाज चुकीचा आहे, पण त्यामुळे माझी चूक लहान होत नाही. आग वायरिंगमुळे लागली नाही, पेट्रोलच्या नळीमुळे लागली.

पद्मिनीला मुळात इंजिनावर बसवलेला यांत्रिक पंप असतो. इंजिन फिरलं तर पंप चालतो, इंजिन थांबलं की पंप थांबतो. गाडी आठवडा-दोन आठवडे उभी राहिली की कार्ब्युरेटरमधलं, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागातलं, पेट्रोल उडून जातं, मग स्टार्टर बराच वेळ मारावा लागतो. उन्हाळ्यात तर त्रास जास्तच. म्हणून मी तो पंप काढून इलेक्ट्रिक पंप बसवला. किल्ली फिरवली की पंप सुरू. फार सोयीचं वाटलं होतं. पंपाची वायर चांगली होती, फ्यूज बरोबर होता, जोड सोल्डर केलेले होते. वायरिंगने तिला सांगितलेलं काम चोख केलं, आणि घात तिथेच झाला. नळी क्लॅम्पमधून सुटली, कार्ब्युरेटर कोरडा पडला, इंजिन बंद पडलं. पण किल्ली चालूच होती, त्यामुळे पंप तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ओतत राहिला. ठिणगी डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना वीज वाटणाऱ्या भागाची) होती की एक्झॉस्टच्या उष्णतेने पेट घेतला, हे सांगता येत नाही. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेटू शकते, मे महिन्यातल्या बंद बॉनेटखाली तिला निमित्त कुठलंही पुरतं.

नळी का सुटली? आगीनंतर पंपाच्या तोंडाशी क्लॅम्प जागेवर होता, रिकामा. नळी जळून गेली होती, पण त्याच गुंडाळीतला हातभर तुकडा माझ्या टेबलाच्या खणात शिल्लक होता. तो वाकवला तर आतल्या बाजूने बारीक भेगा दिसल्या आणि रबर मऊ, चिकट लागलं. साधी जुन्या पद्धतीची नळी होती ती. आपल्या पंपांवरच्या पेट्रोलमधलं इथेनॉल तेव्हाच १० टक्क्यांच्या पुढे गेलेलं होतं, आता ते २० टक्के आहे. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांमधले रबरी भाग त्याला टिकतील असे बनवलेले असतात. १९८४च्या गाडीचे नसतात, आणि दुकानात मीटरवर विकत घेतलेल्या नळीचेही असतीलच असं नाही. मी दुकानदाराला विचारलं नव्हतं. किती जाडीची हवी एवढंच सांगितलं होतं.

म्हणजे पंप बदलायचा निर्णय माझा, नळी माझी, क्लॅम्प माझ्या हाताने आवळलेला. इंजिन बंद पडल्यावर पंप बंद करणारा ऑइल प्रेशरचा स्विच बसवायचा असतो. तो शे-पाचशे रुपयांचा भाग मी लावला नाही, कारण त्याची गरज मला सुचलीच नव्हती. तुम्ही "बेजबाबदार" हा शब्द वापरला आहे. त्या पंपापुरता तो मी घेतो.

कायद्याचं मात्र तुम्ही लिहिलंय तसं नाही. दिल्ली आणि परिसरातले वयाचे नियम वेगळे आहेत. महाराष्ट्रात खासगी गाडी पंधरा वर्षांची झाली म्हणून ती मोडीत काढावी लागत नाही. आरटीओत तपासणी करून, पर्यावरण कर भरून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. माझी तशी वाढवलेली होती. २०२१चं मोडीत काढण्याचं धोरण आहे, पण त्यात तपासणीत नापास होणारी गाडी महत्त्वाची, नुसतं वय नाही. रंग बदलला तेव्हा आरसी बुकात नोंद केली होती. इंजिन मूळ नंबरचंच होतं, १०८९ सीसीचं.

धुराबद्दल वाद घालत नाही. माझ्या गाडीला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नव्हता आणि किलोमीटरमागे ती नव्या गाडीपेक्षा जास्त घाण सोडत होती. पीयूसीत पास व्हायची, पण त्या जुन्या गाड्यांसाठी मर्यादाही सैल आहे. वर्षाला हजारेक किलोमीटर फिरायची. यापुढेही तेवढीच फिरेल. पैशांबद्दल तुम्ही जे लिहिलंत तेही खरं. विमा फक्त थर्ड पार्टी होता, त्यात स्वतःच्या गाडीच्या आगीचा एक रुपया मिळत नाही. जुन्या गाडीची किंमत विमा कंपनीशी बोलून ठरवून घेता येते, बदल केलेले भाग आधी कळवावे लागतात. मी ते केलं नव्हतं. सव्वाचार लाख गेले.

आता तुमचा खरा प्रश्न. पुन्हा का?

आगीनंतर तिसऱ्या दिवशी शिवाजी उद्यमनगरातले मिस्त्री शेडमध्ये आले. याच मिस्त्रींनी माझ्या इंजिनाचं बोअरिंग केलं होतं, हेड घासून दिलं होतं. जळक्या गाडीभोवती ते दोनदा फिरले. कार्ब्युरेटर जागेवर नव्हताच. तो जस्ताच्या मिश्रधातूचा असतो आणि चारशे अंशांच्या आसपास वितळतो, त्यामुळे खाली फक्त एक चकचकीत थेंब गोठलेला होता. ॲल्युमिनियमचं हेड वाकलं होतं. गाडीच्या छताचा पत्रा झोळीसारखा खाली आला होता. मागचे पाटे (स्प्रिंगा) दिसायला ठीक होते, पण तापून पाणी उतरलेलं पोलाद पुन्हा गाडीखाली घालायचं नसतं. आणि जिथे जिथे रंग जळून पत्रा उघडा पडला होता, तिथे तीन दिवसांत नारिंगी गंज चढला होता. मिस्त्रींनी दारावर हात फिरवला, तळहात लाल झाला. म्हणाले, "ह्यात काय राहिलं न्हाई बघा." मग जरा थांबून, "पर तुमच्या हातात काय राहिलंय ते बघा की."

जीप असती तर चासी, म्हणजे खालचा सांगाडा, वेगळी असते, वरची बॉडी जळाली तरी काही वाचवता आलं असतं. पद्मिनीला, म्हणजे जुन्या फियाटला, वेगळी चासी नसते. बॉडी हीच चासी. ती वाकली की गाडी संपली, कायद्यानेही. गाडी नष्ट झाली की चौदा दिवसांत आरटीओला कळवून आरसी परत करायची असते. काहीजण जळक्या गाडीचे कागद ठेवून घेतात आणि त्याच नावावर दुसरी बॉडी फिरवतात. माझ्याकडेही तशी विचारणा झाली, चांगल्या पैशांची. मी नाही म्हणालो. बाराव्या दिवशी ते पुस्तक काउंटरवर ठेवलं. आधीच्या मालकांचं नाव त्यात पहिल्या पानावर होतं. ते निवृत्त मुख्याध्यापक होते. गाडी देताना त्यांनी मला दोन तास शेजारी बसवून स्टिअरिंगवरचा गिअर कसा टाकायचा ते शिकवलं होतं. दुसऱ्यावरून तिसरा टाकताना जोर करायचा नाही, हात सैल सोडायचा, म्हणजे तो आपण होऊन जातो. ही गोष्ट कुठल्याही पुस्तकात छापलेली नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडणं कधीच थांबलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनीही रस्त्यावरून गेली. तो गिअर टाकता येणारे हात आता दर वर्षी कमी होणार आहेत. मला तो टाकता येतो. पत्रा ठोकून सरळ करता येतो, पत्र्याच्या खड्ड्यांत लीड (शिसं) भरता येतं, इंजिनाचा आवाज ऐकून कुठला व्हॉल्व सैल आहे ते सांगता येतं. हे मला सहा वर्षांत त्या एका गाडीने शिकवलं आणि ते जळालेलं नाही. ते वापरायचं नाही असं मी ठरवू शकत नाही, ठरवायची इच्छाही नाही.

पण "तेच पुन्हा" करणार नाही. हे मी मागच्या लेखात सांगायला हवं होतं. तिथे मी फक्त नवा रंग सांगितला.

नवी गाडी १९७९ची आहे आणि ती घरी आणलेली नाही. आणण्याआधी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "कर बाबा, पण भिंतीपाशी नको." म्हणून उद्यमनगरात मिस्त्रींच्या शेजारचा गाळा भाड्याने घेतला. इलेक्ट्रिक पंप पुन्हा लावणार नाही, मूळ यांत्रिक पंपच राहील आणि स्टार्टर चार वेळा मारावा लागला तर मारीन. बॅटरीपासून वीतभर अंतरावर मुख्य फ्यूज असेल, बाहेरून हाताला लागेल असा कट-ऑफ स्विच असेल. जुन्या गाड्यांमध्ये बॅटरीची जाड तार फ्यूजशिवायच लांबवर गेलेली असते, तीही बदलायची आहे. अग्निशामक दोन घेतलेत. एक गाळ्याच्या दारावर बाहेरच्या बाजूला टांगलाय, दुसरा चालकाच्या सीटखाली पट्ट्याने बांधायचा आहे, कुलुपाशिवाय. शेजारी वाळूच्या दोन बादल्या. आणि इंजिन चालू असताना गाडी सोडून कुठेही जायचं नाही, हात कितीही काळे असोत. फोक्सवॅगन बीटल ठेवणाऱ्या एका मित्राने मला सांगितलं की त्यांच्यात हे सगळं जुनं आहे. बीटलच्या इंजिनाच्या कवचात मॅग्नेशियम असतं, ते एकदा पेटलं की पाण्याने आणखी भडकतं, म्हणून ते लोक पेट्रोलच्या नळ्या ठरलेल्या काळाने बदलतातच, दिसायला चांगल्या असल्या तरी. पद्मिनीवाल्यांमध्ये ही सवय मी तरी पाहिली नाही. मलाही नव्हती.

नळ्यांचं एक काम सुरू आहे. बाजारात मिळणाऱ्या चार प्रकारच्या नळ्यांचे तुकडे जानेवारीपासून पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्यांत ठेवलेत, गाळ्यातल्या लोखंडी कपाटात. दर पंधरा दिवसांनी काढून मोजतो आणि वाकवून बघतो. एक नळी सहाव्या आठवड्यातच फुगली आणि बोटाने दाबली तर खूण राहायला लागली. ती माझ्या जळलेल्या गाडीतल्या प्रकारची आहे. दुसरीचा रंग पेट्रोलमध्ये उतरलाय. उरलेल्या दोन अजून जशाच्या तशा आहेत, त्यातली एक गाडीत जाईल. पुढचा लेख रंगाबद्दल नसेल, या बरण्यांबद्दल असेल. फोटोंसकट, आणि कुठली नळी कितव्या आठवड्यात गेली त्याच्या तारखांसकट. ज्यांच्या घरी जुनी फियाट, जुनी बुलेट किंवा जुनी बजाज उभी आहे, त्यांनी तोवर निदान आपली नळी वाकवून बघावी.

तुम्ही लिहिलंत की तुम्ही सांगलीचे. कोल्हापूर लांब नाही. रविवारी सकाळी मी गाळ्यावर असतो, मिस्त्रीही असतात. आलात तर बरण्या दाखवतो आणि त्या जळक्या कार्ब्युरेटरचा थेंबही दाखवतो, तो मी दारामागच्या खिळ्याला बांधून ठेवलाय. काकूंच्या भिंतीवरचा काळा डाग अजून पूर्ण गेलेला नाही. पावसाळा संपला की तिला रंगाचा दुसरा हात मारायचा आहे, त्यालाही आलात तरी चालेल.