"गरम झालं की साप आपोआप सरकतो" हे खरं नाही, अन् आपल्या मराठवाड्यात तर बिलकुल नाही

थंडी पडली की हा मेसेज परत फिरायला लागतो, या आठवड्यात मला तिघांनी पाठवला. थोडक्यात असा आहे: घरी धामण असो की बॉल पायथन (परदेशी जातीचा लहान अजगर), पेटीखाली हीट मॅट (लाईटवर तापणारी चटई) लावून सोडा, थर्मोस्टॅट (ठरवलेलं तापमान झालं की मॅट बंद करणारं यंत्र) म्हणजे फालतू खर्च, मराठवाड्यात तशीही गरमीच असते, जास्त तापलं की साप आपोआप बाजूला सरकतो, मॅट नसेल तर आत शंभरचा बल्ब सोडा नाहीतर पेटी सकाळी उन्हात ठेवा. मी परभणीत बॉल पायथन पाळतो, अन् हे वाचून मला खरंच भीती वाटते कारण लोक हे करायलेत.

आधी धामणीचं. धामण, नाग, अजगर, आपल्याकडचा कोणताच साप घरी ठेवता येत नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, विषय संपला. घरात निघाला तर वनविभागाला नाहीतर सर्पमित्राला फोन करा. बॉल पायथन आफ्रिकेतला आहे, त्याचीसुद्धा सरकारच्या परिवेश पोर्टलवर (वेबसाइटवर) नोंद करावी लागते.

आता "आपल्याकडं गरमीच असते" हे घ्या. परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा १० च्या खाली जातो अन् मे महिन्यात ४२-४३ च्या वर, एवढा फरक जिथं आहे तिथंच थर्मोस्टॅट सगळ्यात जास्त लागतो. कारण मॅटला तापमान कळत नाही. ती फक्त खोलीच्या तापमानात भर घालते. समजा तुमची मॅट काचेला खोलीपेक्षा २० डिग्री जास्त तापवते, जानेवारीत पहाटे खोली १५ वर असेल तर काच ३५, तुम्ही म्हणणार बघा सगळं बरोबर चाललंय, पण तीच मॅट तशीच लावून ठेवली अन् मार्चमध्ये दुपारी खोली ३२ झाली की काच ५२ वर जाते, आणि तुम्ही तर ड्युटीवर असता. बॉल पायथनला गरम बाजूला ३१ ते ३३ अन् थंड बाजूला २५ ते २७ लागतं, एवढंच.

त्यात आपली लाईट. गावातल्या मोटारी बंद झाल्या की व्होल्टेज चढतं हे सगळ्यांना माहीत आहे. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे २३० चं २५० झालं तर मॅट साधारण १८ टक्के जास्त तापते. दिवसा हात लावून "ठीक आहे" म्हणलेली मॅट रात्री तीच राहत नाही.

सगळ्यात घातक ओळ म्हणजे "आपोआप सरकतो". सरकायचं तर सरकायला बरी जागा पाहिजे ना? खोली १४ डिग्री, पेटीचा बाकी भाग गारठलेला अन् उबेची जागा एकच, तर साप तिथंच बसणार, काच भाजत असली तरी. पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात पण ते समोरच्या गरम शिकारीसाठी, पोटाखालच्या काचेवर त्यांचा काय उपयोग. माझ्या एका मित्राच्या सापाचं पोट असंच भाजलं, अन् आधी काहीच दिसलं नाही, पाच-सहा दिवसांनी पोटावरचे खवले तपकिरी पडले मग फोड आले. त्यानं हळद अन् तेल लावलं, मायेनंच लावलं, पण त्यानं जखम अजून चिघळली. असं झालं तर हीटर बंद करा, भुसा काढून साधा टिश्यू पेपर अंथरा, आणि सरळ जनावरांच्या डॉक्टरकडं न्या.

बल्बचं म्हणाल तर वरून ऊब देणं चांगलंच आहे, पण बल्ब आत उघडा नको, साप त्याला विळखा घालतो. जाळीच्या बाहेर पाहिजे किंवा पिंजरा घातलेला, अन् त्यालाही थर्मोस्टॅट. रात्री उजेड नको, लाल बल्बसुद्धा नको, उजेड न देणारा सिरॅमिक हीटर मिळतो तो लावा.

उन्हात पेटी ठेवायचं तर डोक्यातूनच काढा. काचेतून ऊन आत येतं पण ऊब बाहेर पडत नाही, बंद गाडीत जे होतं तेच, आणि आतल्या सापाला पळायला सावली नाही. काही मिनिटांतही मरू शकतो.

मग करायचं काय? मॅट पेटीच्या तळाच्या एक तृतीयांश भागालाच, बाहेरून. थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं वायरीचं टोक) मॅट अन् काचेच्या मधे नीट बसवा, आत सैल सोडला अन् सापानं सरकवला तर थर्मोस्टॅटला वाटतं गारच आहे आणि मॅट फुल चालू राहते. पेटीच्या आत चिकटपट्टी कधीच नको, खवले सोलून निघतात. काचेवर चिकटवायचं गोल घड्याळासारखं थर्मामीटर काही कामाचं नाही, टेम्परेचर गननं जमिनीचं मोजा. दोन्ही बाजूला लपायला जागा द्या, म्हणजे ऊब की लपण यातलं एक निवडायची पाळी येत नाही. नुसत्या मॅटनं हवा तापत नाही, म्हणून कडाक्यात मी पेटीला तीन बाजूंनी बाहेरून थर्माकोल लावतो, हीटरपासून लांब.

लाईट गेली तर पेटीवर गोधडी टाका, हवा येऊ द्या, अन् गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून बाहेरून टेकवा. पुढं बराच वेळ लाईट येणार नसेल तर त्या दिवशी खायला घालू नका, ऊब नसेल तर पोटातला उंदीर पचत नाही, सडतो अन् साप ओकतो.

उन्हाळ्याचं कुणी विचारत नाही पण खरं संकट तेव्हाच. पत्र्याच्या खोलीत दुपारी ४० होतं अन् तेवढ्या तापमानात साप मरू शकतो. मी एप्रिल ते जून पेटी गावाकडं आजीच्या माळवदाच्या घरात नेतो, जाड मातीच्या छताखाली दुपारीसुद्धा गारवा असतो. ज्यांना ते जमत नाही त्यांनी तळमजल्याची, कूलर असलेली खोली बघा, आणि थर्मोस्टॅट चालूच ठेवा, खोली तापली की तो हीटर स्वतःच बंद करतो.

ज्यांनी तो मेसेज वाचून मॅट नुसती प्लगला लावून सोडलीय, त्यांनी आज झोपायच्या आधी ती काढा. एक रात्र थंडीत राहिला तर साप सुस्त पडेल, गोधडी टाकली की निभेल.