पाठलागाचे व्हिडिओ आणि 'काय मारलाय!'

यूट्यूबवर अमेरिकन पोलिसांचे पाठलाग बघणारे माझ्या मित्रयादीत भरपूर आहेत. मीही बघतो. पुढे पळणारी गाडी, मागे आर्कान्सा किंवा जॉर्जिया राज्याचा ट्रूपर, म्हणजे राज्य पोलीस दलाचा शिपाई. तो 'पिट' मारतो, म्हणजे गाडीला मागून कडेने धक्का देतो, गाडी गर्रकन फिरते आणि खाली कमेंट पडते, "काय मारलाय!"

मारण्यासारखं त्यात खरं तर फार नसतं. पोलिसाने आपल्या बंपरचा कोपरा पुढच्या गाडीच्या मागच्या चाकापाशी आणायचा, वेग जुळवायचा, हलकेच टेकवायचं आणि स्टिअरिंग तिकडे वळवायचं. मागच्या चाकांची पकड सुटते, गाडी आडवी होते. ताशी ५० किलोमीटरला ती गिरकी घेऊन थांबते. दीडशेला कुठे जाईल सांगता येत नाही, आणि उंच एसयूव्ही असली तर उलटूही शकते. म्हणूनच तिथल्या अनेक पोलीस खात्यांनी ३५ मैलांच्या, म्हणजे साधारण ५६ किलोमीटरच्या वर पिटला मनाई केली आहे. सगळ्यांनी नाही.

जुलै २०२० मध्ये आर्कान्सात एका गरोदर बाईला ताशी ७० मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ८४ मैलांनी चालवते म्हणून ट्रूपरने थांबायचा इशारा केला. तिने वेग कमी केला, हझार्ड लाइट लावले, थांबायला बरी जागा शोधू लागली. दोनेक मिनिटांत त्याने पिट मारला आणि गाडी उलटली. सुदैवाने बाळ वाचलं.

'मोस्ट वाँटेड' (२००५) हा पोलिसांपासून गाडी पळवण्याचा व्हिडिओ गेम मी मनसोक्त खेळलोय, अजूनही खेळेन. त्यात पाठलागात सरकारचं किती नुकसान झालं याचा आकडा चढत जातो, आणि जितका मोठा तितकं आपलं कौतुक! पण त्या अख्ख्या शहरात रस्त्यावर चालणारा एकही माणूस नाही. खेळात हे चालतं. ट्रूपरच्या व्हिडिओखाली तोच जल्लोष मला चालत नाही.

"सोडून दिलं तर सगळेच पळतील" हा युक्तिवाद अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेही २००७ च्या स्कॉट विरुद्ध हॅरिस खटल्यात केला. ५५ च्या रस्त्यावर ७३ मैल, एवढ्यावरून सुरू झालेला तो पाठलाग. पोलिसाने पिटची परवानगी घेतली, पण वेग फार आहे म्हणून शेवटी सरळ मागून धडक दिली. १९ वर्षांचा मुलगा मानेखाली कायमचा लुळा झाला. कोर्टाने व्हिडिओ पाहून ८ विरुद्ध १ असा पोलिसाच्या बाजूने निकाल दिला. एकटे न्यायमूर्ती स्टीव्हन्स म्हणत होते की गाडीचा नंबर पोलिसांकडे होताच, नंतर पकडता आलं असतं.

मला त्या एकट्याचंच पटतं. गाडीत अपहरण केलेलं मूल असेल, हातात बंदूक असेल, तर जे जमेल ते करा, माझी तक्रार नाही. पण वेगाच्या दंडासाठी? नंबर लिहून घ्या आणि सकाळी त्याच्या दारात जाऊन उभे राहा. त्याचा व्हिडिओ कोणी बघणार नाही, ते मान्य.