जिना हाऊस पाडा म्हणणाऱ्यांसाठी

मुंबईत मलबार हिलला असलेल्या जिना हाऊसबद्दल, म्हणजे पाकिस्तानचे संस्थापक मोहम्मद अली जिनांच्या बंगल्याबद्दल, तोच मेसेज परत फिरतोय. फाळणीचा कट याच घरात शिजला, उद्या पाकिस्तान हक्क सांगेल, तसंही मोडकळीला आलंय, आपला काय संबंध, पाडा आणि सांस्कृतिक केंद्र बांधा. 2017 ला विधानसभेत पण ही मागणी झाली होती. मला ही मागणी अजिबात पटत नाही.

आधी ते कटाचं. पाकिस्तानचा ठराव झाला 1940 ला लाहोरला आणि फाळणीची घोषणा झाली 3 जून 1947 ला दिल्लीत. मग या घरात काय झालं? तर सप्टेंबर 1944 मध्ये गांधीजी इथे येऊन जिनांशी चर्चा करत होते, फाळणी टळावी म्हणून, रोज यायचे जायचे, दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं ते आणि शेवटी फिसकटलं. 15 ऑगस्ट 1946 ला नेहरू पण इथेच जिनांना भेटले, दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात दंगल पेटली. म्हणजे फाळणी थांबवायचे प्रयत्न जिथे झाले आणि फसले ती ही जागा आहे, आणि ती पाडून आपण नक्की कोणाला शिक्षा करणार?

आणि जिना राहिले म्हणून घर पाडायचं असेल तर दिल्लीचं काय? तिथलं तेव्हाच्या औरंगजेब रोडचं त्यांचं घर त्यांनी 1947 ला उद्योगपती दालमियांना विकलं, आज तिथे नेदरलँड्सचे राजदूत राहतात, त्यावर कोणी मेसेज फिरवत नाही. सिमल्याचा व्हाइसरॉय लॉज घ्या, 1945 ची काँग्रेस-लीगची परिषद तिथे फसली, मे 1947 मध्ये माउंटबॅटन आणि नेहरूंची फाळणीच्या आराखड्यावर बोलणी तिथेच झाली, आणि आपण तिथे संशोधन संस्था चालवतो, लोक तिकीट काढून बघायला जातात.

पाकिस्तानच्या हक्काचं थोडक्यात. त्यांनी कॉन्सुलेटसाठी मागितलं होतं, आपण दिलं नाही. जिनांची मुलगी दीना वाडिया 2007 ला हायकोर्टात गेल्या, तेव्हा सरकारने ही इव्हॅक्युई मालमत्ता (म्हणजे फाळणीत सोडून गेलेल्यांची, सरकारकडे आलेली) आहे असंच सांगितलं, आणि 2018 ला घर परराष्ट्र मंत्रालयाकडे द्यायचं ठरलं. ताबा भारत सरकारचाच आहे, तो पक्का करायला पाडावं कशाला लागतं?

मोडकळीचं ऐकून मात्र खरंच राग येतो. 1936 चं घर आहे हो! गिरगावातल्या कितीतरी चाळी याच्याहून जुन्या, त्यात माणसं राहतायत. इटालियन मार्बल, अक्रोडाच्या लाकडाचं पॅनेलिंग, कारागीर इटलीहून आणलेले, जिना स्वतः उभं राहून काम बघायचे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ब्रिटिश डेप्युटी हाय कमिशनचे लोक इथे राहत होते तोवर घर धड होतं. ते गेल्यावर कुलूप लागलं, पावसाळ्यामागून पावसाळे गेले, आणि हे सगळं मुख्यमंत्र्यांच्या वर्षा बंगल्याच्या समोर. चाळीसेक वर्षं बघायचं नाही आणि मग पडायला आलंय म्हणून पाडा म्हणायचं, हे बिल्डर जुन्या भाडेकरूंशी करतात तसलं झालं.

आणि आपला संबंध नाही कसा? घराचे आर्किटेक्ट क्लॉड बॅटली, ज्यांनी बॉम्बे सेंट्रल स्टेशन केलं, जे.जे. आर्किटेक्चर कॉलेजमध्ये आपल्या आर्किटेक्टांच्या पिढ्या शिकवल्या. आणि जिना म्हणाल तर 1916 ला लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला भरला तेव्हा हायकोर्टात टिळकांची बाजू लढवून जिंकणारा वकील हाच माणूस होता, आणि तोच पुढे पाकिस्तान मागत गेला, दोन्ही वेळी तो मुंबईकरच होता. पोरांना हे समजवायचं तर ते घर उभं पाहिजे.

सांस्कृतिक केंद्रच हवंय ना? मग याच भिंतींमध्ये करा. गांधी-जिना चर्चेतली दोघांची पत्रं छापील उपलब्ध आहेत, ती लावा, फाळणीत घरदार सोडून उल्हासनगरला आलेल्या सिंधी कुटुंबांच्या आठवणी लावा, आणि परराष्ट्र मंत्रालयाला तिथे स्वतःच्या बैठका घ्यायच्या असतील तर घेऊ देत, फक्त आठवड्यातून एक दिवस गेट लोकांसाठी उघडं ठेवा. आणि त्याच्या आधी, येत्या पावसाळ्यापूर्वी, छताचं काम करा.