टेंगूळ

कपाळाला हात लावला की अजून दुखतं. त्यामुळे आधी तक्रार, मग फिनलंड.

गुरुवारी सकाळी, उणे सोळा तापमानात, मी शाळेत शिकतो त्या कुओपिओ गावाच्या बाजारचौकाजवळ उभा असताना चालत्या ट्रकवरून आलेली गोळी माझ्या कपाळावर बसली. संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं, ‘गोळी लागली.’ पलीकडे एकदम शांतता, मग बाबांना हाका, मग शेजारच्या काकू. ‘खायची गोळी, खायची!’ हे वाक्य मी आधी उच्चारायला हवं होतं हे मान्य. पण टेंगूळ आलेल्या माणसाकडून व्याकरणाची अपेक्षा ठेवू नये.

प्रकार असा. फेब्रुवारीच्या मध्यावर इथल्या शेवटच्या वर्षाच्या पोरांचे वर्ग संपतात. त्या दिवसाला म्हणतात पेंक्कारित. पोरं चित्रविचित्र सोंगं घेतात, ट्रकच्या उघड्या हौद्यात चढतात, बाजूंना रंगवलेल्या चादरी बांधतात आणि गावभर फिरत लोकांवर गोळ्या उधळतात. मार्चात त्यांची बोर्डाची परीक्षा. आपल्याकडे फेब्रुवारीत बारावीच्या पोराला आत्याच्या मुलीच्या लग्नालासुद्धा नेत नाहीत, ‘त्याचं वर्ष आहे’ म्हणून. इथे त्याला ट्रकवर चढवतात आणि हातात दारूगोळा देतात.

माझ्या शेजारी एक आजोबा उभे होते. वय पंचाहत्तर ते अनंत. कान झाकणारी टोपी, आणि हातात भलीमोठी काळी छत्री, उघडून उलटी धरलेली. आकाश निरभ्र. आजूबाजूची पोरं प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन बर्फात लोळत होती, एकमेकांच्या बोटांवर पाय देत होती. आजोबा मात्र जागचे हलत नव्हते. ट्रक आला की छत्री दोन बोटं डावीकडे, दोन बोटं उजवीकडे, बस. टप्. टप्. टप्. स्लिपमध्ये उभं आयुष्य काढलेल्या माणसाची ती शांती होती.

माझ्या कपाळावर आपटलेली गोळी वर उडाली आणि त्या छत्रीत पडली.

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. छत्रीत पाहिलं. ‘लागलं का रे बाळा’ वगैरे काही नाही. आता खरं सांगतो, मला ती गोळी नको होती. पण सहा महिने परक्या देशात रांगेत शेवटी उभं राहून, बसमध्ये आपल्या शेजारचीच सीट रिकामी राहताना बघून, माणसाच्या आत एक वकील तयार होतो. माझ्या मोडक्यातोडक्या फिनिशमध्ये मी म्हणालो, ‘माफ करा, ती गोळी माझी आहे.’

आजोबांनी विचार केला. किती वेळ? मधे तीन ट्रक गेले. मग म्हणाले, ‘सुआत्तापी ओल्ला, वुआन सुआत्तापी ओल्ला ओलेमात्ताकी.’

असेलही, पण नसेलही.

कुओपिओ हे सावो प्रांतात येतं, आणि सावोचा माणूस बोलू लागला की जबाबदारी ऐकणाऱ्यावर जाते, असं बाकीचे फिन लोकच म्हणतात. शाळेत मला हा विनोद म्हणून शिकवला होता. तो विनोद नव्हता, इशारा होता.

‘कपाळ माझं होतं,’ मी म्हणालो.

‘छत्री कुणाची?’

‘छत्री तुमची. पण कपाळ माझं.’

आजोबांनी मान हलवली. ‘कपाळ तुझं. ते तुझ्याकडेच आहे.’

यावर सुप्रीम कोर्टात जायला जागा नव्हती. पण आजोबांनाच काय वाटलं कोण जाणे, त्यांनी हातमोजा काढला आणि छत्रीतल्या ढिगात शोध सुरू केला. एकेक गोळी काढायची, माझ्या टेंगळाशेजारी धरायची, डोळे बारीक करून आकार पडताळायचा, परत टाकायची. सोनार सुद्धा इतकं बघत नाही. लोक वळून बघू लागले. माझ्या कपाळाशी एक अनोळखी म्हातारा टॉफ्या लावून बघतोय आणि मी नवरदेवासारखा स्तब्ध उभा. शेवटी त्यांनी एक काळी गोळी पसंत केली आणि माझ्या तळहातावर ठेवली. निकाल.

ती साल्मियाक्की होती. ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत. ज्येष्ठमधाच्या अर्कात अमोनियम क्लोराईड घालून केलेली ही गोळी फिन लोक जिवापाड प्रेमाने खातात. अमोनियम क्लोराईड म्हणजे नवसागर! वाईला आजीच्या वाड्यासमोर कल्हईवाला बसायचा, भाता मारून पातेलं तापवायचा, नवसागराची चिमूट टाकायचा आणि भस्सकन पांढरा धूर निघाला की आम्हा पोरांना आजी घरात ओढायची, ‘नाकात जाईल रे!’ तोच नवसागर सहा हजार किलोमीटरवर येऊन मी स्वखुशीने जिभेवर ठेवला होता. आतून कल्हई झाली. आजोबा बघत होते, त्यामुळे थुंकताही येईना.

‘चांगली आहे?’

‘असेलही,’ मी म्हणालो, ‘पण नसेलही.’

आजोबांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे गाववाल्यासारखं बघितलं. मग पुढचा ट्रक आला आणि मी त्यांच्या हिशेबातून गेलो.

हे एरवी विसरलो असतो. पण दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, वान्होयेन तान्सित होते. म्हणजे शब्दशः म्हाताऱ्यांचे नाच. मोठी पोरं ट्रकवरून गेली की दुसऱ्या वर्षाची पोरं शाळेत सगळ्यात थोरली ठरतात, म्हणून सतराव्या वर्षी म्हातारी. मुली पायघोळ झग्यांत, मुलगे मागे शेपट्या असलेल्या कोटांत, आणि आईबापांसमोर जुने नाच. तालीम महिनोन्‌महिने चालते.

जोडी जमवायचं प्रकरण मात्र मला अगदी घरचं वाटलं. इथल्या अशा शाळांत मुली जास्त, मुलगे कमी, त्यामुळे मला चक्क मागणी आली. मुलीने पहिला प्रश्न विचारला, ‘उंची किती?’ नाव नाही, गाव नाही. मी म्हणालो, एकशे अडुसष्ट. तिने मनात टाचांची उंची मिळवली, सुस्कारा सोडला आणि म्हणाली, ‘चालेल.’ आमच्या ताईला बघायला आलेल्या मंडळींनी निदान पोहे तरी खाल्ले होते.

तर शुक्रवारी सकाळी टेंगूळ लिंबाएवढं. जोडीदारीण घाबरली, फोटो यायचे होते. मुलींनी मेकअपचे डबे उघडले. त्यात एकूण रंग दुधापासून ताकापर्यंत. माझ्या कातडीच्या जवळपास जाईल असं काहीच नाही, आणि हे कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही, हे मला टेंगळापेक्षा जास्त लागलं. ‘थोडं पसरवलं की मिसळून जाईल,’ असं म्हणत त्यांनी कपाळाच्या बरोबर मध्यभागी एक गोल, शुभ्र ठिपका काढला.

पोलोनेजपर्यंत ठीक होतं. त्यात जोडीजोडीने ऐटीत चालायचं असतं, आणि गणपतीच्या मिरवणुकीत वाढलेल्या माणसाला हळू चालणं येतं. पण नंतरच्या काही नाचांत जोडीदार बदलत जातात. दर थोड्या ठोक्यांनी नवी मुलगी समोर यायची, हात धरायची, कपाळाकडे बघायची आणि पुढे जायची. कपाळदर्शनाची रांगच. व्हिएनीज वॉल्ट्झला घाम फुटला तेव्हा ठिपक्याचा एक ओघळ नाकावर उतरला. आता तो साग्रसंगीत टिळा दिसत होता.

कार्यक्रम संपल्यावर एका मुलाची आई जवळ आली. मला वाटलं, वॉल्ट्झबद्दल बोलेल. डावीकडून फिरणं मी हिवाळाभर घासलंय, यजमानांच्या स्वयंपाकघरात खुर्ची धरून. बाई अतिशय आदराने म्हणाल्या, ‘तुमच्या धर्मातलं हे चिन्ह फार सुंदर आहे. आज काही विशेष दिवस आहे का?’

पाय सुजले होते. कोट भाड्याचा, संध्याकाळच्या आत ताकाचे डाग काढायचे होते. ट्रक, छत्री, नवसागर, मेकअपचा डबा, एवढं सगळं फिनिशमध्ये सांगायचं त्राण नव्हतं. मी ‘हो’ म्हणालो.

आजीला फोटो पाठवला. आजी खूश. ‘परदेशात जाऊनही गंध लावलंस, बरं केलंस. पण सोबतची मुलगी फार उंच आहे.’

आज सकाळी धर्म शिकवणाऱ्या बाईंनी मला वर्गाबाहेर थांबवलं. त्या मुलाच्या आईने सांगितलं म्हणे. मंगळवारी वर्गापुढे दहा मिनिटं, कपाळावरच्या चिन्हाचा अर्थ, जमल्यास चित्रांसह. बाई म्हणाल्या, ‘आणि तसंच लावून ये, म्हणजे मुलांना नीट दिसेल.’

तोपर्यंत टेंगूळ उतरलेलं असणार. ट्रक तर पुढच्या फेब्रुवारीपर्यंत येत नाही.